धाकटा हसायला लागला

धाकटा शीळ घालत दुकानात शिरला, त्या सकाळी थोरल्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. शीळ तशी बरी होती, सुरातही होती. पण बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आपण दोघं काचा कापतोय, आणि या भावाला शीळ घालता येते हे आपल्याला ठाऊकच नाही, याचा अर्थ काय? थोरल्याच्या लेखी अर्थ सरळ होता. जे आपल्याला माहीत नाही, ते कोणीतरी आपल्यापासून लपवलेलं असतं.

माणूस वाईट नव्हता हो. धंद्यानं तसा झाला होता. काचेच्या धंद्यात दिसतं त्यावर विश्वास ठेवून भागत नाही. कारखान्यातून आलेली काच लख्ख दिसते आणि कडेला केसाएवढी चीर लपलेली असते. कापायला घेतली की भलतीकडेच फुटते. म्हणून थोरला प्रत्येक काचेला बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली तर आत, बद्द वाजली तर परत. गल्लीनं त्याचं नावच टिचकीदादा ठेवलं होतं. पुढे पुढे ही सवय इतकी अंगवळणी पडली, की काचेवरून ती माणसांवर आली. शेजाऱ्यानं आपणहून चहा पाजला तर याला काय हवं असेल म्हणून हा रात्रभर विचार करणार. बायको गोड बोलली तर आधी विचारणार, काय फुटलं?

या सगळ्यातून सुटलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे धाकट्याचा आवाज. मोठी काच एकट्याला उचलत नाही. दोघं दोन टोकांना धरतात. एक सुलटा चालतो, दुसरा उलटा. उलटं चालणारा कायम थोरला. समोरून धाकटा वाट सांगायचा, सरळ, सरळ, आता उंबरा, जरा डावीकडे, पायरी. वडिलांनी घालून दिलेला नियम होता की उलटं चालणाऱ्यानं मान वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो, आणि खांद्याबरोबर काच. बावीस वर्षांत थोरल्यानं एकदाही मागे पाहिलं नव्हतं. बँकेतल्या माणसावर, डॉक्टरवर, सख्ख्या मेव्हण्यावर त्याचा विश्वास नव्हता. पण धाकटा म्हणाला पायरी, की हा डोळे मिटून पाय टाकायचा.

तर असा हा धाकटा बदलायला लागला. शीळ ही नुसती सुरुवात होती. आठवड्याभरात तो सकाळी चालायला जायला लागला, पावणेसहाला, तेही कोणी न सांगता. मग दुकानात आल्या आल्या मोबाईल गल्ल्याशेजारच्या खणात टाकून खण बंद करायला लागला. दुपारी टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या डबा संपवणारा माणूस आता हात धुऊन, खुर्ची ओढून, वीस मिनिटं बसून जेवायचा, आणि एकेक घास असा चावायचा की जणू दाताखाली काय येतंय ते तपासतोय. दाराशी त्यानं एक कुंडी आणून ठेवली. गिऱ्हाईक गेलं की पाठमोऱ्या गिऱ्हाइकाला आभार म्हणायचा. संध्याकाळी सात वाजले की शटर अर्ध्यावर ओढायचा. म्हणे उरलेलं काम उद्या. उद्या काही पळून जात नाही.

हे सगळं थोरल्यानं गिळलं. पण एक दिवस त्यानं गोल टेबलाची काच आखल्या रेघेवर अचूक कापून काढली, आणि धाकटा समोरून शांतपणे म्हणाला, "सुंदर कापलीस, दादा." थोरल्याच्या हातातली पक्कड खाली पडायची राहिली. बावीस वर्षांत या घरात कोणी कोणाचं कौतुक केलं नव्हतं. वडिलांनी तर काच चांगली कापली की शिवी दिली नाही, तेच बक्षीस. आपल्या माणसानं तोंडावर कौतुक केलं की समजावं, काहीतरी मागायचंय किंवा काहीतरी न्यायचंय. आणि धाकट्याला न्यायचं झालं तर काय न्यायचंय? अर्धं दुकान!

त्या दुपारपासून थोरल्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली ती बसलीच. धाकटा वेगळा होणार. बाकी कशाची त्याला पर्वा नव्हती. धाकट्यामागून हे दुकान म्हणजे लहान लहान फोटोंच्या काचा आणि देव्हाऱ्याएवढे आरसे. मोठी काच उचलायची तर दुसऱ्या टोकाला परका माणूस धरावा लागणार, आणि परका माणूस पायरी म्हणाला तर थोरला पाय टाकणार थोडाच. पण खरं सांगायचं तर दुकानाचं दुखणं वरवरचं होतं. धाकटा त्या टेबलापलीकडे नसेल, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. हे तो कोणाला म्हणाला नाही. असलं बोलायची त्याला सवयच नव्हती.

बायकोजवळ मात्र त्यानं एकदा विषय काढला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुमचा भाऊ रडतखडत आला असता तर तुम्हाला चाललं असतं, हसतोय ते खुपतंय. माणूस जरा वेळेवर झोपला, चालला, नीट जेवला, तर सुखी होतो, त्यात काय एवढं पाणी मुरायचं? तुम्हीही करून बघा. थोरल्यानं मनाशी नोंद केली, की हिलाही फितवलंय.

याउलट शेजारचा फ्रेमवाला. त्याच्याकडे काम कमी आणि वेळ जास्त, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते त्याला आधी कळायचं, आणि शिजत नसेल तर तो चूल पेटवून द्यायचा. तो म्हणाला, दादा, चाळिशी उलटल्यावर माणूस आपणहून बदलत नाही, त्याच्यामागे कोणीतरी असतं. तुमचा भाऊ आधी कसा होता? थोरला म्हणाला, सोन्यासारखा. आणि ते त्याचं मनापासूनचं मत होतं. या शिळेच्या आधीची दोन वर्षं धाकट्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नव्हतं. सकाळी यायचा, मान खाली घालून कापत बसायचा, रात्री साडेनऊपर्यंत थांबायचा, घरी जायची घाई नाही, गप्पा नाहीत, सुट्टी नाही. तेच तर म्हणतो, फ्रेमवाला म्हणाला, गरीब गाय अशी एकाएकी उड्या मारायला लागली की दावं तपासावं.

थोरल्यानं दावं तपासायला घेतलं. रोज दुकान बंद करताना धाकटा एका छोट्या वहीत काहीतरी लिहायचा, तीन ओळी, फार तर चार. वही मोबाईलच्याच खणात असायची. एका दुपारी धाकटा हात धुवायला मागे गेल्यावर थोरल्यानं ती काढली आणि उभ्या उभ्या वाचली. तारखा होत्या. तारखेखाली लिहिलं होतं, दुपारी टेबलावर ऊन आलं होतं, बघत बसलो. दुसऱ्या दिवशी, जेवणाला चव लागली. त्याखाली, दादा आज दोनदाच ओरडला. आणखी एका पानावर, दादानं स्वतःहून चहा मागवला, माझ्यासाठीपण. पाणी बंद झाल्याचा आवाज आला तशी त्यानं वही ठेवून दिली. त्याचे कान तापले होते. म्हणजे आपण किती वेळा ओरडतो ते तारीखवार लिहून ठेवलंय यानं.

फ्रेमवाल्यानं ते ऐकून मान डोलावली. वकील लोक पक्षकाराला असंच सांगतात म्हणाला. रोजचं रोज टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. आणि चव लागली, ऊन आलं, हे मधेमधे कशाला, असं थोरल्यानं विचारलं, तर म्हणाला, तेच तर कसब, कोणाला संशय येऊ नये म्हणून. आता सुतावरून स्वर्ग गाठणारी दोन माणसं एकत्र बसली की स्वर्ग किती लांब राहणार!

राहता राहिला मंगळवार. दर मंगळवारी चारच्या सुमारास धाकटा, येतो तासाभरात, म्हणून बाहेर पडायचा. कुठे ते थोरल्यानं विचारलं नव्हतं. विचारलं तर सावध होईल. त्या मंगळवारी शटर ओढून तो त्याच्यामागे गेला. बावन्न वर्षांचा जाडजूड माणूस, पायात काचकाम करतानाचे जड बूट, आणि खांब दिसला की खांबाआड. दोन चौक ओलांडून धाकटा एका जुन्या तीन मजली इमारतीत शिरला आणि जिना चढून गेला. थोरल्यानं खाली लावलेल्या पाट्या वाचल्या. पहिल्या मजल्यावर वकील. दुसऱ्या मजल्यावर मानसोपचार, खाली एका बाईंचं नाव आणि पदव्या. तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. दात? धाकट्याचे दात म्हणजे अडकित्ता, त्यांना काय झालंय. मनाचा डॉक्टर? ती पाटी त्यानं पाहून सोडून दिली. धाकट्याच्या मनाला काय धाड भरलीय, दिवसभर शीळ घालतो. उरला वकील. थोरला तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. खरं ठरलं की समाधान होईल असं त्याला वाटलं होतं, पण रडू यायला लागलं.

त्यानंतर तो कामाला लागला. दुकानाचे कागद घरी नेऊन कपाटात कपड्यांखाली ठेवले. धाकट्यानं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप आणलं की हा संध्याकाळी गुपचूप जाऊन तेच माप पुन्हा घेऊन यायला लागला. माप बरोबरच निघायचं, तरी पुढच्या वेळी पुन्हा जायचा. एकदा एका गिऱ्हाईकबाईंनी धाकट्यासमोरच सांगितलं, की तुमचे दादा कालच येऊन पुन्हा मोजून गेले. धाकट्यानं मापाचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी मात्र त्यानं शीळ घातली नाही.

पण दोन दिवसांनी तो म्हणाला, "दादा, जरा बोलायचंय तुझ्याशी. निवांत."

थोरला म्हणाला बघू, आणि चहाला निघून गेला. पुढच्या आठवड्यात धाकट्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा यानं मोबाईल कानाला लावून नसलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोलणं केलं. ज्या वाक्याला तो घाबरत होता, ते ऐकलंच नाही तर खरं होणार नाही, असा काहीतरी पोरकट हिशेब त्याच्या डोक्यात होता. तिसऱ्या खेपेला धाकट्यानं वाटच अडवली. वाचनालयाची मोठी काच बसवायचा दिवस होता तो. गाडीतून काच उतरवता उतरवता तो म्हणाला, "आज ही बसली की बोलूच. आता टाळू नकोस."

झालं, थोरल्याला वाटलं. आज सांगणार. दोघांनी हातमोजे घट्ट केले, सात फुटांची ती काच उचलली, आणि नेहमीसारखा थोरला उलटा चालायला लागला. काचेच्या पलीकडे धाकट्याचा चेहरा दिसत होता, शांत, ताजा, नीट झोपलेल्या माणसाचा. थोरल्याला तो चेहरा बघवेना. सरळ, धाकटा म्हणाला. सरळ. जरा उजवीकडे. थोरला उजवीकडे सरकला. आता तीन पायऱ्या, धाकटा म्हणाला, चढायच्यात, पहिली.

पहिली पायरी थोरला चढला. आणि तिथे, एक पाय खाली, एक पाय वर असताना, त्याच्या मनात आलं की तीनच कशावरून? जो माणूस तीन महिने हसत हसत वकिलाकडे जातोय, तो पायऱ्या खऱ्या सांगत असेल कशावरून? विचार वेडगळ होता, हे त्याला विचार करतानाच कळत होतं. पण संशयाला शहाणपणाशी काय देणंघेणं! त्यानं मान वळवली.

मान वळली, खांदा वळला, आणि काचेचा वरचा कोपरा दाराच्या चौकटीवर आदळला. आवाज फार मोठा झाला नाही. एक रेघ वरून खाली धावत गेली, थोरल्याचा तोल गेला आणि तो पायऱ्यांवर पाठीवर पडला, आणि काचेचा निम्मा भाग त्याच्या बाजूला कलला. काच सुटली की सोडून द्यायची, धरायची नाही, मागे उडी मारायची, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. धाकट्यानं सोडली नाही. थोरला हातापायांवर सरकत बाजूला होईपर्यंत त्यानं तो तुकडा मोज्यावरच्या उघड्या हाताच्या बळावर तोलून धरला, आणि मग सोडला.

थोरल्याला खरचटलंसुद्धा नाही. धाकट्याच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत अकरा टाके पडले.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. अर्धा तास थांबा, चक्कर येत नाहीये ना बघा आणि मग जा, असं परिचारिकेनं बजावलं. समोरच्या भिंतीवर काही नव्हतं. थोरला त्या भिंतीकडेच बघत होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून धाकटा म्हणाला, "तू मागे का बघितलंस?"

थोरल्याला खोटं बोलता आलं असतं. पाय घसरला म्हणता आलं असतं. पण तो हात बघून त्याच्यानं ते झालं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. शीळ, कौतुक, वही, खांबाआड उभं राहणं, पाट्या. कागद कपाटात लपवले तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुला वेगळं व्हायचंय ना? हो वेगळा. फक्त आज बोलू नको."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. रागावेल असं थोरल्याला वाटलं होतं, पण तो रागावला नाही. तो फक्त खूप दमलेला दिसला. "मी दुसऱ्या मजल्यावर जातो, दादा," तो म्हणाला.

मग त्यानं थोडक्यात सांगितलं. चालायला जा, मोबाईल बाजूला ठेव, बसून जेव, वेळेवर दुकान बंद कर, रोज तीन बऱ्या गोष्टी लिहून काढ, चांगलं दिसलं तर तोंडानं म्हण. हे सगळं त्या बाईंनी एकेक करून लावून दिलेलं होतं. आधी त्यालाही ते थट्टेचं वाटलं होतं. वहीत लिहायला पहिले पंधरा दिवस एकही गोष्ट सापडत नव्हती. त्यातली पहिली सापडली ती ऊन. हेच त्याला थोरल्याला सांगायचं होतं. बायकोला सांगून झालं होतं, आता तूच राहिला होतास म्हणाला.

"पण तुला झालं काय होतं?" थोरला म्हणाला. "चांगला तर होतास."

"दोन वर्षं मी टेबलापलीकडे तुझ्यासमोर उभा राहून विझत होतो," धाकटा म्हणाला. "सकाळी जाग आली की उठायचीच भीती. जेवण उभ्यानं, कारण चव नाही. रात्री साडेनऊपर्यंत दुकानात, कारण घरी जाऊन काय करायचं ते कळत नाही. तेव्हा तुला कसलाच संशय आला नाही. आता जरा बरा झालो, तर माझ्यामागे पाळत."

मला वाटलं तू कामात आहेस, एवढं थोरला म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला त्या दोन वर्षांतला स्वतःचा आवाज आठवला. चहाच्या दुकानात, फ्रेमवाल्याकडे, पाहुण्यांत, जो भेटेल त्याला तो छाती फुगवून सांगायचा, आमचा धाकटा आता कुठे माणसात आला. भाऊ रोज सकाळी उठायला घाबरत होता, आणि हा गल्लीभर पेढे वाटल्यासारखा ते सांगत फिरत होता. आपला स्वतःचाच इतका संताप त्याला कधी आला नव्हता. टिचकीदादा म्हणे!

"सांग मला," तो म्हणाला. "सगळं सांग. मी मधे बोलणार नाही."

धाकट्यानं सांगायला सुरुवात केली, आणि थोरला ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, एवढं होतं तर यानं सांगेपर्यंत याच्या बायकोला कसं कळलं नाही? हा वाढवून तर सांगत नसेल? ते मनात आलं तसा तो शरमेनं लाल झाला. त्यानं मान खाली घातली आणि सांगून टाकलं, की मला आत्तासुद्धा शंका येतायत रे, तुझ्या हाताला टाके असताना येतायत, मी काय करू.

धाकट्यानं दुखरा हात सावकाश सरकवून बाकावर नीट ठेवला.

"येऊ देत," तो म्हणाला. "पण इथून पुढे मला विचार. फ्रेमवाल्याला नको."

थोरल्यानं मान हलवली. तो बाकावर भावाकडे वळून बसला, आणि सकाळी जाग आल्यावर नेमकं काय व्हायचं, हे त्यानं धाकट्याला पहिल्यांदा विचारलं.